आधी उजेड अडवायला शिका : अंतराळयानाचं मॉडेल रंगवणं आणि उजळणं

प्लास्टिकचं अंतराळयान जोडून रंगवलेलं असलं की ते छान दिसतं. त्याच्या खिडक्यांमधून उजेड येऊ लागला की त्याला आकार येतो, कारण डोळा लगेच खिडकीच्या मापावरून यानाचं माप काढतो. एवढीशी खिडकी, तिच्यामागे एक माणूस, मग हे यान केवढं असेल! हा परिणाम साधण्यासाठी फार इलेक्ट्रॉनिक्स यावं लागत नाही. मात्र कामाचा क्रम नीट कळावा लागतो. नवीन माणूस सगळ्यात आधी एलईडी विकत आणतो. खरं तर सुरुवात काळ्या रंगाच्या डबीपासून करायला हवी.

उदाहरणासाठी एकच यान धरतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही : १९६६ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘स्टार ट्रेक’मधलं एंटरप्राइझ, क्रमांक एनसीसी-१७०१. तीन कारणांसाठी हे निवडलं. त्याचे आकार सोपे आहेत : एक तबकडी, एक सिगारच्या आकाराचा खालचा भाग आणि दोन लांब नळ्यांसारखी इंजिनं. त्याचे किट अनेक मापांत मिळतात. आणि चित्रीकरणासाठी वापरलेलं मूळ मॉडेल आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात आहे, त्यामुळे शंका आली तर बघायला अस्सल वस्तू आहे. मॅट जेफरीज यांनी आराखडा केलेलं हे सुमारे ३.४ मीटर लांबीचं मॉडेल लाकूड, प्लास्टिक आणि धातूचा पत्रा वापरून १९६४ साली बांधलं गेलं, १९७४ साली संग्रहालयाकडे आलं आणि २०१६ साली त्याचा मोठा जीर्णोद्धार पुरा झाला. तुमच्याकडे दुसरं कुठलं यान असेल तरी पुढची पद्धत तीच.

माप निवडणं

कथेप्रमाणे हे यान २८९ मीटर लांब आहे. म्हणजे १/१००० मापाचं मॉडेल साधारण २९ सेंटिमीटर, आणि १/३५० मापाचं जवळपास ८३ सेंटिमीटर. मोठ्या मॉडेलमध्ये हात आत जातो, वायरी सहज बसतात, पण किंमत, जागा आणि रंग सगळंच वाढतं. पहिल्या कामासाठी मी १/१००० सुचवेन. हे माप अवघड आहे असं बरेच जण सांगतील, कारण इंजिनांना धरणारे दोन्ही खांब फारच पातळ असतात. पण लहान मॉडेल पुरं होतं. मोठी किट अर्धवट अवस्थेत माळ्यावर जातात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

मापाचा हिशेब खिडक्यांसाठीही लक्षात ठेवा. १/१००० मध्ये एक मीटर रुंदीची खिडकी एक मिलिमीटरची होते. त्यामुळे इथे दोन मिलिमीटरचं भोक पाडलं की ते खिडकी दिसत नाही, गोदामाचं दार दिसतं. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राहा.

आणायचं काय

किटखेरीज लागणाऱ्या बहुतेक वस्तू साध्या दुकानात मिळतात. इलेक्ट्रॉनिक्ससाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तापकीर गल्ली, बाकीच्यांना ऑनलाइन. तीन मिलिमीटरचे एलईडी घ्या : वॉर्म व्हाइट जास्त, थोडे लाल, हिरवे आणि अंबर. मेणबत्तीसारखे आपोआप लुकलुकणारे ‘फ्लिकर’ एलईडी आणि ठरावीक वेगाने उघडझाप करणारे ‘ब्लिंकिंग’ एलईडी तयार मिळतात. त्यांच्या आतच छोटी चिप असते. त्यामुळे पहिल्या मॉडेलला प्रोग्रॅमिंग लागत नाही. वीज मर्यादेत ठेवणारे पाव वॉटचे रेझिस्टर २२०, ३३०, ४७० आणि १००० ओहमचे, प्रत्येकी दहा-वीस. एनॅमलचा लेप असलेली बारीक तांब्याची वायर, म्हणजे मोटार रिवाइंडिंगवाल्यांकडे मिळते ती. हीट श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केल्यावर वायरीवर आकसून बसणारी नळी. व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर, हा नको म्हणू नका, तो नसेल तर बिघाड शोधण्यात संध्याकाळ जाते. सोल्डरिंगसाठी, म्हणजे धातू वितळवून वायरींचे जोड पक्के करायला, २५ वॉटची इस्त्री पुरते.

ऑप्टिकल फायबर, म्हणजे उजेड वाहून नेणारा बारीक दोरा, ०.२५ आणि ०.५ मिलिमीटरचं घ्या. त्यासाठी हाताने फिरवायचं छोटं ड्रिल, म्हणजे पिन व्हाइस, आणि ०.३ ते १ मिलिमीटरचे ड्रिल बिट. हे बिट नखाएवढ्या जोराने मोडतात, तेव्हा एका मापाचे तीन-चार तरी जवळ ठेवा.

रंगाच्या बाजूला : राखाडी प्रायमर, काळा, पांढरा किंवा चंदेरी, फिकट राखाडी, चमकदार आणि मॅट अशी दोन्ही पारदर्शक वार्निशं, मास्किंग टेप, ४०० ते २००० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर, पुटी. गाडीच्या टचअपसाठी मिळणारे काही स्प्रे प्लास्टिक विरघळवतात. किटच्या ज्या चौकटीला भाग जोडलेले असतात तिच्या तुकड्यावर आधी मारून बघा, दुसऱ्या दिवशी नख लावून बघा, आणि मगच मॉडेलवर.

पहिली पायरी : कोरडी जुळवणी आणि उजेडाचा नकाशा

गोंद न लावता सगळे भाग टेपने जोडून बघा. आता कागदावर यानाचं ढोबळ चित्र काढून कुठे कुठला उजेड हवा ते लिहा. आपल्या यानाचा नकाशा असा होईल : तबकडीच्या वर मधोमध नियंत्रणकक्षाचा छोटा घुमट, पांढरा. तबकडीच्या खालचा घुमट, पांढरा. तबकडीच्या कडेवर डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा उघडझाप करणारा दिवा. रंगांचा हा नियम खऱ्या जहाजांवर आणि विमानांवर असतो तोच. खिडक्या, फिकट पिवळसर. दोन्ही इंजिनांच्या पुढचे घुमट, नारिंगी-लाल आणि आतून हलता उजेड. इंजिनांची मागची टोकं या यानात उजळत नाहीत, ती पांढरी गोलाकार टोकं आहेत, तिथे दिवा लावू नका.

माझ्या हिशेबाने हे चौदा एलईडींत बसतं : इंजिनांच्या घुमटांत प्रत्येकी तीन, वरचा आणि खालचा घुमट मिळून दोन, खिडक्यांच्या फायबरसाठी तबकडीत दोन आणि खालच्या भागात दोन, आणि कडेचे दोन.

नकाशात सगळ्यात महत्त्वाची रेघ म्हणजे वायरींची वाट. इंजिनातली वायर खांबातून खालच्या भागात, तिथून स्टँडच्या नळीतून तळात. तबकडीतली वायर तबकडी आणि खालचा भाग जोडणाऱ्या मानेतून खाली. मूळ चित्रीकरणाच्या मॉडेललाही हीच अडचण होती. त्याच्या वायरी डाव्या बाजूने बाहेर काढल्या होत्या, ती बाजू पूर्ण रंगवलेलीही नव्हती, आणि चित्रीकरण उजव्या बाजूने होई. डावी बाजू दाखवायची असेल तेव्हा उलटी अक्षरं लावून चित्रीकरण करून फिल्म फिरवावी लागे. तुमचं मॉडेल टेबलावर चारी बाजूंनी दिसणार आहे, म्हणून वायरी खालून, स्टँडमधूनच काढा.

१/१००० मधला खांब भरीव असतो. त्याच्या आतल्या बाजूला, जिथे नजर कमी जाते तिथे, कटरने उभी चर पाडा. एनॅमलच्या चार वायरी (तीन एलईडींच्या तीन प्लस आणि एक मायनस) शेजारीशेजारी बसतील एवढीच. वायर चरीत बसवून वरून पुटी भरा, वाळल्यावर ६०० आणि मग १००० च्या पेपरने घासा. प्रायमरनंतर चर दिसली तर पुन्हा पुटी. हे काम घाईने होत नाही.

दुसरी पायरी : भोकं

खिडक्यांची जागा किटच्या डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरं आणि खुणा) कागदावरून किंवा संग्रहालयातल्या मॉडेलच्या फोटोंवरून ठरवा. टेपवर पेन्सिलने खुणा करा, टेप मॉडेलवर चिकटवा, सुईच्या टोकाने प्रत्येक खुणेवर बारीक खड्डा करा आणि मग ड्रिल लावा. खड्डा नसेल तर बिट घसरतं आणि ओळ वाकडी होते. खिडक्यांची ओळ एका मिलिमीटरने वाकडी झाली तरी ती पहिल्यांदा दिसते, म्हणून खुणा करतानाच वेळ द्या.

सगळ्या खिडक्या उजळू नका. मूळ मॉडेलवरही काही खिडक्या उजेडाच्या आणि काही नुसत्या काळ्या रंगवलेल्या होत्या. कुठे तीन उजेडाच्या, एक अंधारी, पुन्हा दोन उजेडाच्या, अशी रचना केली की आत माणसं राहतात असं वाटतं. सगळ्या खिडक्या पेटल्या की रात्रीच्या कॉल सेंटरची इमारत दिसते.

तिसरी पायरी : उजेड अडवणं

हीच या लेखातली मुख्य गोष्ट. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं आणि ते उजेड बऱ्यापैकी आरपार जाऊ देतं. आत एलईडी लावून तसंच जोडलं तर अख्खं यान आकाशकंदिलासारखं पेटतं. खिडक्या त्यात हरवून जातात. म्हणून प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला काळ्या रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या. काळा वाळला की त्यावर पांढरा किंवा चंदेरी. काळा उजेड अडवतो, चंदेरी आतला उजेड परतवून खिडक्यांकडे पाठवतो. फक्त पांढरा दिला तर उजेड गळतोच, फक्त काळा दिला तर आत उजेड शोषला जातो; दोन्ही हात लागतात.

तपासणी सोपी. खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च भागाच्या आत धरा आणि बाहेरून बघा. कुठे लालसर किंवा पिवळसर झाक दिसली की तिथे काळ्याचा आणखी एक हात. भिंत कुठे पातळ आहे, कोपऱ्यात रंग कुठे बसला नाही, सगळं लगेच कळतं. मी भाग चिकटवण्याआधी ही तपासणी दोनदा करतो, एकदा काळ्या रंगानंतर आणि एकदा एलईडी बसवल्यावर.

उजेड सांध्यांतूनही निसटतो. दोन अर्धे भाग जुळतात तिथे केसाएवढी फट राहते आणि अंधारात तीच एक पांढरी रेघ होऊन चमकते. चिकटवल्यावर आतून पोचता येत असेल तर काळ्या रंगात थोडा फेविकॉल मिसळून त्या रेघेवर फिरवा. पोचता येत नसेल तर चिकटवण्याआधी एका कडेला आतून काळ्या कागदाची अरुंद पट्टी लावा, म्हणजे ती फटीच्या मागे पडदा होते. आणि एलईडीच्या उजेडाला एकमेकांपासून वेगळं ठेवा. तबकडीच्या कडेचा लाल दिवा उघडझाप करताना शेजारच्या खिडक्या गुलाबी झाल्या तर सगळी मेहनत फुकट. त्या दिव्याभोवती काळ्या कागदाची किंवा हीट श्रिंकची छोटी नळी घाला.

काही जण आतून तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावतात. उजेड ती उत्तम अडवते, पण वीजही तिच्यातून जाते. उघडं सोल्डर तिला टेकलं की शॉर्ट. नवीन माणसाने रंगच वापरावा असं माझं मत आहे.

चौथी पायरी : वीज

पाच व्होल्ट वापरा. जुना मोबाइल चार्जर आणि एक यूएसबी केबल घरात असतेच. पॉवर बँक मात्र तपासून घ्या : इतकी कमी वीज ओढली जात असेल तर अनेक पॉवर बँक काही वेळाने आपोआप बंद होतात.

प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्यायचा आणि सगळे एलईडी समांतर जोडायचे, हा एकच नियम पाळा. हिशेब असा : पांढऱ्या एलईडीवर सुमारे ३ व्होल्ट पडतात, उरतात २. रेझिस्टर २२० ओहमचा असेल तर २ भागिले २२०, म्हणजे सुमारे ९ मिलिअँपिअर. लाल किंवा अंबर एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात, उरतात ३; ३३० ओहमने तेच ९ मिलिअँपिअर. हिरवे दोन जातींचे असतात, त्यामुळे मल्टिमीटरने त्याच्यावरचे व्होल्ट मोजून ठरवा. चौदा एलईडींचे एकूण १२६ मिलिअँपिअर होतात, कुठलाही चार्जर ते सहज देतो.

हे गणित मर्यादा सांगतं, उजेड किती हवा ते सांगत नाही. तो डोळ्यांनी ठरवायचा. खिडक्यांच्या एलईडीला आधी २२०, मग ४७०, मग १००० ओहम लावून बघा, आणि खोलीत तुमचं मॉडेल जिथे राहणार आहे तिथला नेहमीचा दिवा लावूनच बघा. बहुतेक वेळा १००० ओहमच बरा दिसतो. नवीन लोकांची मॉडेलं गरजेपेक्षा जास्त झगझगतात, आणि झगझगीत खिडकी लहान यानाची वाटते. मोठ्या यानाची खिडकी मंद असते.

एलईडीचा लांब पाय प्लस. तो कापण्याआधी त्यावर लाल खूण करा, नाहीतर कापल्यावर कुठला कुठला कळत नाही. एनॅमलच्या वायरीवरचा लेप पॉलिश पेपरने घासून काढल्याशिवाय सोल्डर धरत नाही. वायर तांबूस चकचकीत दिसली पाहिजे. प्लस आणि मायनस वायरींना टोकाला वेगळ्या रंगांची नेलपॉलिश लावा, तिथे टेपच्या चिठ्ठ्या टिकत नाहीत. प्रत्येक जोडावर हीट श्रिंक. ती आकसवताना लायटरची ज्योत प्लास्टिकजवळ आणू नका, सोल्डरिंगच्या इस्त्रीचा दांडा जवळून फिरवला तरी पुरतं. सोल्डर करताना खिडकी उघडी ठेवा, धूर नाकाजवळ येऊ देऊ नका.

रेझिस्टर, स्विच आणि यूएसबीचा जोड हे सगळं यानात न ठेवता लाकडी तळात ठेवा. यानाच्या आत फक्त एलईडी आणि वायर. यान एकदा चिकटवलं की उघडता येत नाही, तळ मात्र चार स्क्रू काढून उघडता येतो. बिघडू शकणारी प्रत्येक वस्तू तळात असली पाहिजे. त्यासाठी एलईडींचे गट पाडा : घुमट, खिडक्या, कडेचे दिवे, इंजिनं. एका गटातले सारखे एलईडी एका वायरवर एका रेझिस्टरने चालवायचा मोह होतो. तो टाळा, कारण त्यातला एक कमी व्होल्ट मागणारा निघाला की सगळी वीज तोच ओढतो आणि बाकीचे मंद पडतात. मायनस वायर सगळ्यांची एकच चालते, प्लस वेगवेगळ्या ठेवा.

इंजिनांच्या घुमटांविषयी जरा जास्त बोलतो, कारण एंटरप्राइझ ओळखलं जातं ते त्यांच्यामुळे. मूळ मॉडेलमध्ये मालिकेसाठी धूसर घुमटाच्या आत मोटरवर फिरणारी पाती आणि त्यामागे लुकलुकणारे रंगीत बल्ब होते. जीर्णोद्धारात तिथे एलईडी बसवून तसाच परिणाम साधला. आपल्याला १/१००० मध्ये मोटर नको. घुमट आतून १००० च्या पेपरने हलके घासून धूसर करा. त्यामागे पारदर्शक प्लास्टिकची गोल चकती कापून तिच्यावर काळ्या रंगाने मधून निघणाऱ्या पात्यांसारख्या रेघा काढा. चकतीच्या मागे त्रिकोणात तीन फ्लिकर एलईडी लावा : दोन अंबर, एक लाल. ते आपापल्या वेगाने लुकलुकतात, त्यामुळे पात्यांच्या सावल्या घुमटावर हलतात आणि फिरल्याचा भास होतो. पुढच्या मॉडेलला अर्डुइनो नॅनो नावाचा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड तळात बसवून सहा एलईडी एकामागून एक पेटवले तर खरंखुरं फिरणं दाखवता येतं. पण पहिल्याला हे पुरेसं आहे आणि दिसायला सुंदर आहे.

पाचवी पायरी : फायबर

फायबर म्हणजे अॅक्रिलिकचा बारीक दोरा. एका टोकाला एलईडी, दुसरं टोक खिडकीच्या भोकात. एका एलईडीपुढे वीस-पंचवीस दोऱ्यांची जुडी हीट श्रिंकमध्ये बसवता येते. फायबरला फेविक्विक लावू नका, तो कडक होतो आणि वाकवताच मोडतो. भोकात आतून फेविकॉलचा किंवा अॅराल्डाइटचा थेंब द्या. फायबर जोरात वाकवू नका. मोडाजवळून उजेड निसटतो. बाहेर साधारण एक सेंटिमीटर टोक ठेवा, कारण रंग द्यायचा आहे.

ज्यांना फायबर जड वाटेल त्यांनी मोठ्या खिडक्यांची भोकं तशीच ठेवून रंगकाम झाल्यावर त्यांत सुईने फेविकॉलचा थेंब भरावा. वाळल्यावर तो बऱ्यापैकी पारदर्शक होतो आणि आतला उजेड मऊ करून बाहेर सोडतो. एक मिलिमीटरच्या आतल्या भोकांना ही युक्ती चांगली चालते.

सगळं बसवलं, वायरी स्टँडच्या पितळी नळीतून बाहेर काढल्या, की चिकटवण्याआधी दिवे एक अख्खा दिवस चालू ठेवा. कच्चा जोड असेल तर तो याच वेळात उघडा पडतो. मगच प्लास्टिकचा पातळ गोंद लावून भाग बंद करा.

सहावी पायरी : रंग

भाग जोडल्यावर सांधे पुटीने भरून घासा, भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. बुडवून धुऊ नका, आत वायरी आहेत. घुमट अजून बसवलेले नसावेत. त्यांच्या जागी फोमचे तुकडे कोंबा. स्प्रे करताना डबी मॉडेलपासून वीसेक सेंटिमीटरवर धरा, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच थांबवा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे. मास्क लावा आणि मोकळ्या हवेत करा. पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, दमट हवेत स्प्रे मारला तर वार्निशावर पांढरट धुकं धरतं. कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबा. या चार महिन्यांत वायरीचं काम करा आणि रंग ऑक्टोबरला ठेवा.

यानाचा रंग कुठला, यावर चाहते वर्षानुवर्षं भांडतात. पडद्यावर ते जवळपास पांढरं दिसतं. प्रत्यक्षात ते फिकट राखाडी आहे. तबकडीच्या वरच्या भागावर १९६० च्या दशकातला मूळ रंग बऱ्याच अंशी टिकून होता, आणि जीर्णोद्धारात बाकीचा रंग त्याच्याशी जुळवला. त्यामुळे शुद्ध पांढरा वापरू नका. टॅमिया कंपनीचा एक्सएफ-१९ स्काय ग्रे घेऊन त्यात जवळपास तेवढाच एक्सएफ-२ पांढरा मिसळला की मला पटणारी छटा येते. लहान मापावर रंग नेहमी मूळ रंगापेक्षा जरा फिका हवा, नाहीतर मॉडेल जड आणि खेळण्यासारखं दिसतं. हा रंग त्याच कंपनीच्या एक्स-२०ए थिनरने पातळ होतो. पाण्यावर चालणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या रंगात हा थिनर ओतू नका, रंग फाटतो. आणि चित्रकलेच्या ट्यूबमधले अॅक्रिलिक रंग थेट प्लास्टिकवर लावू नका, ते सालीसारखे निघतात.

मूळ रंगानंतर छटा. त्याच रंगात एक-दोन थेंब काळा मिसळून मास्किंग टेपच्या चौकोनांमधून इकडेतिकडे काही पट्टे किंचित गडद करा. फरक इतका कमी ठेवा की समोरून सरळ बघताना कळू नये, तिरक्या उजेडात कळावा. तबकडीवरच्या जाळीच्या रेघांबद्दल : मूळ मॉडेलवर त्या पेन्सिलीने काढलेल्या आहेत, कोरलेल्या नाहीत. आपणही तेच करू. टू-एच पेन्सिलीला बारीक टोक करा, कागदाच्या पट्टीचा आधार घ्या आणि हात न दाबता रेघ ओढा. जास्त गडद झाली तर खोडरबरने निघते. किटवर या रेघा खोल कोरलेल्या असतील तर त्यात पातळ पुटी भरून पॉलिश करण्याचं काम मी आनंदाने करतो. सपाट तबकडीवरच्या फिक्या पेन्सिलीच्या रेघेइतकं या यानाला दुसरं काही शोभत नाही.

खालच्या भागाच्या पुढच्या टोकावरची थाळी, म्हणजे डिफ्लेक्टर डिश, तांबूस धातूच्या रंगाची. ती ब्रशने रंगवली तरी चालते, कारण आकार लहान आहे. रंग पातळ आणि ब्रश मऊ.

सातवी पायरी : डीकल आणि शेवटचा हात

आता बाहेर आलेली फायबरची टोकं धारदार कटरने पृष्ठभागाशी सपाट कापा. पाती नवी हवी, बोथट पातीने फायबर चिरतो आणि उजेड अंधूक येतो. मग चमकदार वार्निशाचा हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. डीकल खडबडीत मॅट रंगावर लावलं तर त्याखाली हवा अडकते आणि पांढरट चंदेरी कड दिसते. चमकदार पृष्ठभागावर ते घट्ट बसतं. कोमट पाण्यात डीकल भिजवा, ते कागदावर सरकू लागलं की मॉडेलवर न्या, ओल्या ब्रशने जागेवर आणा, टिश्यूने पाणी टिपा. एनसीसी-१७०१ ही अक्षरं तबकडीच्या गोल कडेवर वळणातून बसवायची असतात. आधी मधला आकडा मधोमध लावा, मग दोन्ही बाजूंना जा. एका टोकाकडून सुरू केलं तर शेवटी जागा उरत नाही किंवा जास्त उरते.

डीकल वाळल्यावर मळ. हे यान युद्धातून आलेलं नाही, फार मळवू नका. राखाडी सॉफ्ट पेस्टलची कांडी पॉलिश पेपरवर घासून पूड करा आणि मऊ ब्रशने तबकडीच्या कडेपासून आतल्या बाजूला अगदी हलके ओढा. शेवटी मॅट वार्निश, दोन पातळ हात. फायबरच्या टोकांवर मॅट आलं तरी हरकत नाही, उजेड थोडा मऊ होतो आणि ते चांगलंच दिसतं. घुमटांवर मात्र मॅट येऊ देऊ नका. ते आता बसवा, फेविकॉलने. फेविक्विकची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी धुकट पुटं चढवते.

ठेवायचं कसं

मॉडेलच्या मागे शक्यतो गडद भिंत किंवा काळा कार्डपेपर ठेवा. मोबाइलने फोटो काढताना फोकस यानाच्या रंगावर धरून एक्स्पोजर हाताने कमी करा, म्हणजे खिडक्या पांढरे ठिपके न होता पिवळसर येतील. मोबाइल टेकवून ठेवा. एक फोटो पूर्ण अंधारात आणि एक मंद दिव्यात काढा, मंद दिव्यातला बहुधा जास्त चांगला येतो. धूळ झटकायला मऊ मेकअप ब्रश वापरा, ओलं फडकं नको. आणि यान हलवताना नेहमी खालच्या भागाला धरून उचला. इंजिनांना धरून उचललं की खांब वाकतात, आणि त्या खांबांमध्ये तुमच्या वायरी आहेत.